लोखंड तेच, मग चुंबकाशी वागणं वेगळं का? एकट्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब

२०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि आपल्याकडच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची धावाधाव झाली, कारण इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये हेच चुंबक बसतात. तेव्हापासून बेळगाव, निपाणी, खानापूर भागात कुठेही हा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, लोखंड तर आपल्याकडे ढीगभर आहे, उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, मग एक चुंबक बनवायला चीन कशाला लागतो? प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी चुंबकत्व येतं कुठून हे बघायला लागतं, आणि ते नेमकं पीयूसी सेकंड इयरच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीच्या, केमिस्ट्रीतल्या डी-ब्लॉक एफ-ब्लॉकच्या धड्यात आहे.

त्या धड्याचं काय होतं तर दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आपली पोरं पीयूसीला जातात, सगळं एकदम इंग्रजीत समोर येतं, आणि हातात पडतं एवढंच की अनपेअर्ड इलेक्ट्रॉन मोजा, फॉर्म्युल्यात घाला, उत्तर लिहा. उत्तर बरोबर येतं, मार्कही मिळतात, पण आपण मोजलं काय ते कळतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण केमिस्ट्रीत याच्याइतका देखणा हिशेब मला तरी दुसरा माहीत नाही. म्हणून हा लेख जरा निवांत लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एखादा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून भार आलेला अणू (दोन गमावले तर २+, तीन तर ३+), चुंबकाकडे ओढला जाणार की नाही, हे तो लोखंडाचा आहे की तांब्याचा यावर थेट ठरत नाही. त्याच्यात किती इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय, एकटे आहेत यावर ठरतं.

इलेक्ट्रॉन म्हणजेच छोटा चुंबक

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अतिशय बारीक चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. नावावरून वाटतं तसा इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नसतो, पण चुंबक म्हणून मात्र तो खरा आहे. स्पिनच्या दोनच दिशा, वर किंवा खाली. अणूमध्ये इलेक्ट्रॉन ज्या जागांमध्ये राहतात त्यांना ऑर्बिटल म्हणतात, एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन मावतात, आणि दोघं असले तर एकाचं स्पिन वर आणि दुसऱ्याचं खालीच असावं लागतं, हा पाउलीचा १९२५ चा नियम. म्हणजे जोडी झाली की दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं आणि बाकी शून्य.

ज्या पदार्थात सगळ्यांच्या जोड्या झाल्यात तो डायमॅग्नेटिक, चुंबक त्याला अगदी किंचित दूर ढकलतो. ज्यात एकटे इलेक्ट्रॉन उरलेत तो पॅरामॅग्नेटिक, तो चुंबकाकडे ओढला जातो. हे दोन शब्द पाठ ठेवा, पुढे लागतील.

पाच खोल्या, दहा कॉट

लोखंड, तांबं, मँगनीज, निकेल, क्रोमियम या ट्रान्झिशन धातूंची खासियत म्हणजे त्यांचे ३डी ऑर्बिटल. हे पाच असतात. आता असं समजा की टिळकवाडीत पोरांना भाड्याने देणारं एक घर आहे, त्यात पाच खोल्या, प्रत्येक खोलीत दोन कॉट, आणि चंदगड-खानापूरकडची पोरं कॉलेजसाठी राहायला येतायत. खोल्यांचं भाडं सारखं असेल तर पहिला पोरगा एक खोली घेईल, दुसरा दुसरी, तिसरा तिसरी. एक पूर्ण खोली रिकामी असताना दुसऱ्याच्या खोलीत कोण कशाला जाईल? पाचही खोल्यांत एकेक झाला की मगच सहाव्याला कोणाबरोबर तरी राहावं लागतं. इलेक्ट्रॉन अगदी असंच करतात कारण दोघांवरही ऋण भार असतो आणि एका जागेत कोंबले की एकमेकांना रेटतात. याला हुंडचा नियम म्हणतात.

आता मोजा. एक ते पाच इलेक्ट्रॉनपर्यंत एकटे वाढत जातात, १, २, ३, ४, ५. सहाव्यापासून जोड्या लागायला लागतात म्हणून एकटे कमी होतात, ४, ३, २, १, आणि दहा झाले की शून्य. मधला पाचवाला सगळ्यात जास्त चुंबकीय.

हे बघायला लॅबच पाहिजे असं काही नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊस-द्राक्ष करणाऱ्यांच्या घरी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशव्या असतातच. झिंक सल्फेट पांढरं, त्यातल्या झिंकच्या २+ आयनमध्ये ३डी चे दहाच्या दहा इलेक्ट्रॉन, एकटा कोणी नाही, डायमॅग्नेटिक. बोर्डो मिश्रणात घालतो ते मोरचूद निळं, त्यातल्या तांब्याच्या २+ आयनमध्ये नऊ, म्हणजे एकटा एक. हिराकस (फेरस सल्फेट) हिरवट, लोखंडाच्या २+ आयनमध्ये सहा, एकटे चार. आणि मँगनीज सल्फेट फिकट गुलाबी, त्यात पाच, पाचही एकटे. म्हणजे या चार पिशव्यांमध्ये सगळ्यात जास्त चुंबकीय आयन लोखंडाचा नाहीच, मँगनीजचा आहे. आणि हिराकस उघडं राहून तपकिरी पडतं बघा, तेव्हा लोखंड २+ चं ३+ होत असतं, सहाचे पाच इलेक्ट्रॉन होतात, त्यामुळे एकटे चारावरून पाच.

आधी कोण बाहेर पडतं?

इथे पोरं हमखास अडकतात म्हणून थांबून सांगतो. लोखंडाच्या अणूत शेवटचे इलेक्ट्रॉन ३डी मध्ये सहा आणि ४एस नावाच्या बाहेरच्या ऑर्बिटलमध्ये दोन असतात. भरताना ४एस आधी भरला म्हणून काढताना ३डी मधले जातील असं वाटतं, पण तसं नाही. आयन बनताना ४एस चे दोन आधी जातात, कारण ते बाहेरच्या कवचात असतात आणि केंद्राची पकड त्यांच्यावर सैल असते. म्हणून लोखंडाचा २+ आयन म्हणजे ३डी मध्ये सहा, आणि ३+ म्हणजे पाच. तांबं आणि क्रोमियम यांच्या अणूत ४एस मध्ये एकच असतो, पण आयन काढताना नियम तोच, आधी ४एस रिकामा करा आणि मग उरलेले ३डी मधून काढा. एवढं सांभाळलं की निम्मं काम झालं.

फॉर्म्युला आणि तो तपासायचा कसा

एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या एन धरा. एन ला एन अधिक दोनने गुणा आणि वर्गमूळ काढा, उत्तर येतं बोर मॅग्नेटॉनमध्ये, जे अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक आहे. एक एकटा असेल तर १.७३, दोन २.८३, तीन ३.८७, चार ४.९०, पाच ५.९२. नुसतं एन न घेता असं विचित्र का, तर क्वांटम नियमांत स्पिनची बेरीज साध्या बेरजेसारखी होत नाही. सध्या एवढं पुरे.

तपासायची जुनी पद्धत गुई बॅलन्स. पदार्थ काचेच्या नळीत भरून तराजूला टांगायचा, नळीचं खालचं टोक ताकदवान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये, आणि चुंबक चालू-बंद करून वजन बघायचं. पॅरामॅग्नेटिक असेल तर वजन वाढल्यासारखं दिसतं, डायमॅग्नेटिक असेल तर जरासं कमी. त्या फरकावरून उलटं गणित करून आत किती इलेक्ट्रॉन एकटे आहेत ते कळतं. मला हे नेहमीच थोर वाटतं, डोळ्याला कधी न दिसणारी गोष्ट तराजूवर मोजायची.

मग मोरचूद चुंबकाला चिकटत का नाही?

ओढ असते पण फार कमी. खोलीच्या तापमानाला सगळे आयन उष्णतेने थरथरत असतात, त्यामुळे त्यांचे छोटे चुंबक वाटेल त्या दिशेला वळलेले राहतात, बाहेरचा चुंबक आणला की थोडेसेच त्याच्याकडे कलतात आणि चुंबक काढला की पुन्हा विस्कटतात. पियरे क्यूरीने १८९५ मध्ये दाखवलं की तापमान जसं वाढतं तशी ही ओढ कमी होते. फ्रिजवरच्या चुंबकाने काही कळणार नाही, पण निओडिमियमचा जोरदार चुंबक असेल तर पाण्यावर थर्माकोलच्या तुकड्यावर मँगनीज सल्फेट ठेवून चुंबक जवळ न्या, तुकडा हळूहळू सरकताना दिसतो. झिंक सल्फेट ठेवा, तो तसा येत नाही.

रंग असला की पॅरामॅग्नेटिक समजायचं का?

पिशव्या बघून असं वाटू शकतं, पण नाही. विहिरीत टाकतो ते पोटॅशियम परमँगनेट गर्द जांभळं असतं, त्यातलं मँगनीज ७+ आहे, ३डी मध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, मग एकटा कुठून असणार. तो रंग ऑक्सिजनकडून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन उडी मारण्यातून येतो. तेच मँगनीज खताच्या पिशवीत पाच एकटे घेऊन बसलंय आणि इथे शून्य.

वरच्या मजल्याचं भाडं

इथपर्यंत सोपं होतं, खरी मजा आता आहे. आयन कधी एकटा तरंगत नसतो, त्याच्याभोवती पाणी, अमोनिया, सायनाइड असं काहीतरी चिकटलेलं असतं, बहुतेक वेळा सहा बाजूंनी सहा. त्यांना लिगँड म्हणतात. हे सहा शेजारी आले की पाच खोल्यांचं भाडं सारखं राहत नाही. ज्या दोन ऑर्बिटलचं तोंड थेट शेजाऱ्यांकडे असतं त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनला शेजाऱ्यांचे इलेक्ट्रॉन रेटतात, म्हणून ते महाग होतात. बाकीचे तीन स्वस्त. आपल्या टिळकवाडीच्या घरात म्हणजे तीन खोल्या खाली कमी भाड्याच्या, दोन वर जास्त भाड्याच्या. हान्स बेथेने १९२९ मध्ये ही कल्पना मांडली.

आता सहा पोरं आली तर? वरचं भाडं थोडंसंच जास्त असेल तर पोरं म्हणतील चालतंय की, एकट्याची खोली तर मिळते, मग पाचही खोल्यांत एकेक आणि सहावा खाली कोणाबरोबर तरी. एकटे चार. पण वरचं भाडं परवडणारच नाही इतकं असेल तर सगळे खालीच दाटीवाटीने राहतील, तीन खोल्यांत तीन जोड्या, वरचा मजला रिकामा. एकटे शून्य. पहिल्याला हाय स्पिन म्हणतात, दुसऱ्याला लो स्पिन, आणि भाडं किती ते शेजारी ठरवतो. पाणी, फ्लोराइड हे हलके शेजारी, फरक कमी. सायनाइड जोरकस, फरक मोठा. अमोनिया मधला, तिथे धातू कोणता आणि त्याच्यावर भार किती तेही बघावं लागतं.

म्हणून हिराकस पाण्यात विरघळवलं तर लोखंडाच्या २+ आयनमध्ये चार एकटे, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये पोटॅशियम फेरोसायनाइडची पिवळी बाटली असते त्यातही तेच लोखंड, तोच २+, तेच सहा इलेक्ट्रॉन, पण एकटा एकही नाही, डायमॅग्नेटिक. शेजारच्या फेरिसायनाइडमध्ये लोखंड ३+ असतं, पाच इलेक्ट्रॉन, सगळे खाली कोंबलेले, म्हणून एकटा एकच, पाच नाहीत. परीक्षेत यावरच प्रश्न येतो. आणि हा घोळ फक्त चार ते सात इलेक्ट्रॉन असतानाच होतो, सहा शेजारी असले की तीनपर्यंत सगळे खालीच एकेकटे बसतात आणि आठला काहीही केलं तरी दोनच एकटे उरतात, त्यामुळे क्रोमियम ३+ किंवा निकेल २+ आलं तर डोक्याला ताप नाही.

काही पदार्थ तर अगदी काठावर असतात, भाडं आणि जोडीचा त्रास जवळपास सारखा. लोखंडाचा फेनँथ्रोलिन आणि थायोसायनेटवाला एक संयुग आहे, तो उणे ९८ अंश सेल्सियसच्या आसपास थंड केला की हाय स्पिनचा लो स्पिन होतो आणि गरम केला की परत.

आपल्या रक्तातही हेच चालतं

हिमोग्लोबिनमध्ये लोखंड २+ असतं. ऑक्सिजन नसताना त्यात चार एकटे इलेक्ट्रॉन, ऑक्सिजन चिकटला की एकूण हिशेब शून्य. मायकेल फॅरडेने १८४५ मध्ये वाळलेलं रक्त तपासून ते चुंबकीय नाही अशी नोंद केली होती, आणि पुढे १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी मोजून दाखवलं की ऑक्सिजनवालं रक्त डायमॅग्नेटिक आणि ऑक्सिजन सोडलेलं पॅरामॅग्नेटिक. १९९० मध्ये सेजी ओगावा यांनी याच फरकाचा उपयोग करून एमआरआयमध्ये मेंदूच्या कोणत्या भागात रक्तातला ऑक्सिजन बदलतोय ते बघता येतं हे दाखवलं. मेंदूवरचं आजचं कितीतरी संशोधन त्या चार इलेक्ट्रॉनांवर उभं आहे.

आणि म्हणूनच हात जोडून सांगतो, रक्तात लोखंड आहे म्हणून चुंबकाचं ब्रेसलेट घातलं की रक्त ओढलं जाऊन अभिसरण सुधारतं असं कोणी सांगत असेल तर पैसे घालवू नका. धमनीतल्या ऑक्सिजनवाल्या रक्ताला चुंबक ओढत नाही, उलट किंचित ढकलतो, आणि तेही इतकं कमी की १.५ टेस्लाच्या एमआरआय मशीनमध्ये माणूस झोपतो तरी रक्त एका बाजूला गोळा होत नाही. गुडघेदुखी, बीपी यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असलं काही घेऊन देण्यापेक्षा डॉक्टरकडे न्या.

खानापूरच्या लाल मातीत एवढं लोखंड, मग ती चुंबकाला का चिकटत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. लाल रंग लोखंडाच्या ३+ आयनचा, मुख्यतः हेमेटाइटमधला, आणि प्रत्येक आयनमध्ये पाच एकटे इलेक्ट्रॉन. आपल्या हिशेबाने तर ती जोरात ओढली गेली पाहिजे. पण घट्ट स्फटिकात आयन एकमेकांशी ऑक्सिजनमार्फत बोलतात, आणि हेमेटाइटमध्ये शेजारशेजारच्या आयनांचे चुंबक एकमेकांच्या उलट दिशेला बसतात, त्यामुळे जवळपास सगळं कटतं, जरासा तिरकेपणा उरतो तेवढंच.

आता मार्कंडेय नाहीतर मलप्रभेच्या वाळूत चुंबक फिरवा, काळे कण पटापट चिकटतात, त्यात मॅग्नेटाइट असतं. तेही लोखंड आणि ऑक्सिजनच. फरक असा की त्यात प्रत्येक तीन लोखंडांमध्ये दोन ३+ आणि एक २+ असतं. दोन ३+ चे पाच-पाच एकमेकांना कापतात आणि मागे उरतात २+ चे चार. प्रत्यक्ष मोजलं तर चारच्या जवळपासच येतं. लुई नेलने हा हिशेब लावला आणि त्याला १९७० चं नोबेल मिळालं.

म्हणजे एकट्यांची संख्या ही पहिली पायरी, आणि ते एकटे एकमेकांशी कसे उभे राहतात ही दुसरी. धातूरूप लोखंडात ते सगळे एकाच दिशेला उभे राहतात म्हणून ते चिकटतं. तेही तापमान ७७० अंशांच्या वर गेलं की थरथर जिंकते, म्हणून लालभडक तापलेलं लोखंड चुंबकाने उचलता येत नाही. स्वयंपाकघरातलं चांगलं स्टील चिकटत नाही कारण निकेल घातल्याने अणूंची रचनाच बदलते आणि त्या रचनेत ही एकी होत नाही.

तर चीनचे चुंबक कशासाठी?

नुसतं लोखंड चुंबकाकडे जोरात ओढलं जातं पण स्वतः चुंबक म्हणून टिकत नाही, त्याच्या आतली दिशा सहज फिरते. मोटरच्या चुंबकात दोन निओडिमियम, चौदा लोखंड आणि एक बोरॉन या प्रमाणात अणू असतात. बहुतेक ताकद लोखंडाचीच असते, निओडिमियमचं काम ती दिशा घट्ट धरून ठेवायचं. त्याचे एकटे इलेक्ट्रॉन ४एफ ऑर्बिटलमध्ये असतात, तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगाचा आकार गोल नसतो, म्हणून स्फटिकात तो ठराविक दिशेलाच बसतो आणि लोखंडालाही त्याच दिशेला बांधून ठेवतो. मोटर तापली तरी पकड सुटू नये म्हणून थोडं डिस्प्रोसियम घालतात, आणि चीनच्या त्या सात धातूंच्या यादीत डिस्प्रोसियम आहे. आपल्या केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यातून निओडिमियम मिळतं, पण डिस्प्रोसियमसारखे जड धातू त्यात फार कमी. शिवाय हे धातू एकमेकांपासून वेगळे करणं फार किचकट, कारण बाहेरून सगळे जवळजवळ सारखेच वागतात.

फॉर्म्युल्याचं उत्तर जुळत नाही तेव्हा

पुस्तकाच्या मागे कोबाल्ट २+ साठी ३.८७ लिहिलेलं असतं आणि मोजलेली किंमत ४.३ ते ५.२ च्या दरम्यान असते, मग पोरं विचारतात, सर, चुकलं कोण? कोणीच नाही. फॉर्म्युला फक्त स्पिन मोजतो. इलेक्ट्रॉनच्या केंद्राभोवतीच्या हालचालीतूनही चुंबकत्व येतं, ३डी धातूंमध्ये शेजारी ते बहुतेक दाबून टाकतात, पण कोबाल्टमध्ये बरंच शिल्लक राहतं. ४एफ इलेक्ट्रॉन तर इतके आत असतात की शेजाऱ्यांचा त्यांच्यावर फारसा जोरच चालत नाही, म्हणून एफ-ब्लॉकमध्ये हा साधा फॉर्म्युला बहुतेक ठिकाणी सोडून द्यावा लागतो.

अपवाद गॅडोलिनियम. त्याच्या ३+ आयनमध्ये सात एफ ऑर्बिटल आणि सातही इलेक्ट्रॉन एकटे, हालचालीचा वाटा बरोबर शून्य होतो, म्हणून सातचा फॉर्म्युला लावला की ७.९४ येतं आणि प्रत्यक्षातही तेवढंच मिळतं. एमआरआयच्या वेळी 'काँट्रास्ट' म्हणून जे इंजेक्शन देतात त्यात बहुतेक हेच असतं. त्या सात एकट्यांमुळे आजूबाजूच्या पाण्यातले हायड्रोजनचे केंद्रक लवकर मूळ स्थितीला येतात आणि तेवढा भाग फोटोत उजळ दिसतो. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून तो एका मोठ्या रेणूत घट्ट पकडून देतात आणि तो किडनीतून बाहेर जातो, त्यामुळेच इंजेक्शनच्या आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात.